फॉस्डेमला पहिल्यांदा जाताय? छंद म्हणून कोड लिहिणाऱ्यांसाठी ब्रुसेल्सच्या दोन दिवसांची तयारी

फॉस्डेमचं वेळापत्रक लागलं की पहिल्यांदा जाणारा माणूस हमखास एकच गोष्ट करतो. रात्री दोनपर्यंत जागून चाळीस भाषणांवर खूण करतो. त्यातली निम्मी एकाच वेळी असतात, काही कॅम्पसच्या दोन टोकांना असतात, आणि ज्यांच्यासाठी जीव सर्वात जास्त टांगणीला लागलेला असतो ती नेमकी सत्तर खुर्च्यांच्या खोलीत असतात. दोन दिवसांत नीट बसून ऐकून होतात ती दहा-बारा. म्हणून ही तयारी भाषणांच्या यादीपासून नाही, दुसरीकडून सुरू करायची आहे.

आधी थोडी ओळख. फॉस्डेम ही मुक्त आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची युरोपातली सर्वात मोठ्या परिषदांपैकी एक. २००० साली ती 'ऑस्डेम' या नावाने सुरू झाली, 'फ्री'मधला 'एफ' नंतर जोडला गेला. सुरू करणाऱ्याचं म्हणणं असं होतं की कोड लिहून मोठं योगदान देण्याइतकी आपली हुशारी नाही, तर निदान लिहिणाऱ्यांना एकत्र तरी आणू. हौशी माणसाने हे लक्षात ठेवावं, पुढे कामाला येईल. दरवर्षी जानेवारी संपताना किंवा फेब्रुवारी सुरू होताना येणारे शनिवार-रविवार असतात: २०२४ मध्ये ३ आणि ४ फेब्रुवारी, २०२५ मध्ये १ आणि २ फेब्रुवारी, २०२६ मध्ये ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी. जागा ब्रुसेल्समधल्या यूएलबी विद्यापीठाचा सोलबॉश कॅम्पस. आठ हजारांहून जास्त लोक येतात.

तिकीट नाही. नावनोंदणीही नाही. त्यामुळे गळ्यात अडकवायचं ओळखपत्रही नाही, आणि तुमच्या नावाखाली कंपनीचं नाव छापलेलं कोणी वाचत नाही. व्यावसायिक परिषदांना जाताना हौशी माणसाला जो संकोच वाटतो, त्यातला निम्मा इथे दारातच गळून पडतो.

व्हिसा: नोंदणी नसण्याचा तोटा इथे

जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स अशा कुठल्याही शेंगेन देशात शिकायला किंवा नोकरीला असाल तर वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट आणि तिथला निवास परवाना, दोन्ही मूळ स्वरूपात जवळ ठेवा, फोनमधला फोटो धरला जात नाही. ॲमस्टरडॅम, कोलोन किंवा पॅरिसहून थेट आगगाडी दीड ते दोन तासांत पोहोचवते. तिकिटं जितकी लवकर काढाल तितकी स्वस्त. जानेवारीच्या मध्यावर काढलीत तर विमानापेक्षा महाग पडू शकतात.

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा काढावा लागतो. शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो, त्यावर अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा सेवाआकार. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि १५ दिवस आधीपर्यंतच. निर्णयाला साधारण १५ दिवस धरले जातात, पण ते ४५ पर्यंत ताणता येतात आणि मध्ये नाताळ येतो. म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कागद जमलेले हवेत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत लागू असलेला. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत दिलेला, आणि त्यात दोन कोरी पानं.

गोची होते ती अशी: सशुल्क परिषदेला जाताना पावती असते, आयोजकांचं पत्र असतं. इथे नोंदणीच नाही, त्यामुळे दाखवायला काही नाही. भाषण स्वीकारलं गेलं असेल तर त्याची ईमेल जोडा. नसेल तर सरळ पर्यटन म्हणून अर्ज करा, दिवसवार कार्यक्रमात शनिवार-रविवारपुढे फॉस्डेमचं नाव लिहा, आणि 'प्रवेश विनामूल्य, नोंदणी लागत नाही' हे वाक्य असलेलं त्यांच्या संकेतस्थळाचं पान छापून जोडा. लपवाछपवी नको. कोणी विचारलं तर उत्तर कागदावर तयार असतं. नोकरीचं पत्र, मंजूर रजा आणि तीन ते सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट या नेहमीच्या गोष्टी आहेतच.

पोहोचणं आणि राहणं

ब्रुसेल्समध्ये सगळ्या पाट्या फ्रेंच आणि डच अशा दोन भाषांत असतात. ब्रुसेल-मिडी आणि ब्रुसेल-झाउड हे एकच स्टेशन. पॅरिस, ॲमस्टरडॅमच्या वेगवान गाड्या तिथेच थांबतात. फ्लेमिश भागातून येताना लिएज शहर पाटीवर 'लुइक' होतं आणि फ्रान्समधलं लील 'राइसल'. गाडी बदलायची असेल तर दोन्ही नावं लिहून ठेवा.

विमानतळही दोन आहेत. झावेंटेमहून आगगाडी वीसेक मिनिटांत ब्रुसेल्स सेंट्रलला आणते. स्वस्त विमानं मात्र शार्लरुआला उतरतात. नावात 'ब्रुसेल्स साउथ' असलं तरी ते शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, आणि बसने मिडी स्टेशनला यायला तास जातो. तिकिटात वाचलेले पैसे बसच्या भाड्याशी ताडून पाहा.

शहरातून कॅम्पसला जायला सेंट्रल स्टेशनकडून ७१ क्रमांकाची बस, लुईझकडून ८ क्रमांकाची ट्राम, आणि उत्तरेकडून २५ क्रमांकाची ट्राम. जुन्या लेखांत ९४ क्रमांकाची ट्राम वाचायला मिळेल, तीच आता ८ झाली आहे. बस-ट्राममध्ये संपर्करहित बँक कार्ड यंत्राला टेकवलं की तिकीट होतं. कार्ड आंतरराष्ट्रीय व्यवहारांना चालू आहे ना, हे निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये बघा. भारतीय कार्डांवर ही सोय बहुधा बंदच असते. शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराची ७१ दादरच्या फास्ट लोकलसारखी भरते. साडेआठची पकडा.

राहायची जागा ७१ किंवा ८ च्या मार्गावर बघा. युरोपीय संघाच्या कार्यालयांच्या भागात शनिवार-रविवारी सरकारी पाहुणे नसतात, तिथे हॉटेलं आठवड्यातल्या दिवसांपेक्षा पुष्कळदा स्वस्त मिळतात. शुक्रवारी संध्याकाळी जुन्या शहरात बिअरचा मेळावा भरायची परंपरा आहे. तिथे इतकी दाटी असते की बोलणं कमी आणि खांद्याला खांदा जास्त. अनोळखी माणसाने ओळखी करायला ही जागा नाही. न गेल्याने काही बुडत नाही.

पिशवीत काय

बेल्जियममधल्या सॉकेटमध्ये दोन गोल भोकं असतात आणि अर्थिंगची पिन सॉकेटमधूनच बाहेर आलेली असते. फोनच्या चार्जरची दोन गोल पिनांची युरोपीय पिन बसते. लॅपटॉपची भारतीय तीन पिनांची बसत नाही, आणि मुंबई विमानतळावर मिळणारा 'युनिव्हर्सल' ॲडॅप्टरही कधीकधी अडतो, कारण त्याच्या गोल तोंडाला त्या बाहेर आलेल्या पिनेसाठी भोक नसतं. घेताना 'टाइप ई' किंवा 'टाइप ई/एफ' लिहिलेला घ्या. व्याख्यानगृहांत सॉकेट मोजकी. जुनी तीन-चार तोंडांची एक्स्टेंशन नेलीत तर पाच मिनिटांत शेजारचे मित्र होतात, हा ओळखींचा सर्वात स्वस्त मार्ग.

पॉवर बँक हातातल्या सामानातच, आणि १०० वॉट-तासांच्या आत. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तासांची असते, ती चालते.

हवा दोन ते सात अंशांच्या आसपास, आणि भुरभुर पाऊस. एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा तीन पातळ थर न्या. इमारतींमधलं अंतर थंड, बोळ त्याहून थंड, आणि भरलेली खोली इतकी उबट की स्वेटर काढावाच लागतो. छत्री गर्दीत दुसऱ्याच्या डोळ्यात जाते, टोपीचा रेनकोट बरा. एक मास्क ठेवा. आठ हजार लोक बंद खोल्यांत दोन दिवस खोकतात, आणि परतल्यावर येणाऱ्या तापाला तिथले लोक 'फॉस्डेम फ्लू'च म्हणतात.

शाकाहाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. बेल्जियमचे प्रसिद्ध बटाट्याचे काप, म्हणजे फ्रिट, पारंपरिक पद्धतीत गाईच्या चरबीत तळतात. कॅम्पसवर खाण्याच्या गाड्या असतात. तिथे 'तेल वनस्पतीचं आहे का' हे विचारूनच घ्या, नुसतं 'व्हेजिटेरियन आहे का' विचारलं तर बटाटा आहे म्हणून होच म्हणतील. वॉफलमध्ये अंडं असतं. घरून चिवडा, चकली, कोरड्या चटणीची पुडी नेता येते. पेढे, श्रीखंड, तूप मात्र नेऊ नका, कारण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानात आणायला बंदी आहे. दुपारी बारा ते दोन रांगा लांबच लांब असतात. डबा सव्वाअकराला उघडा आणि बारानंतर सगळे जेवत असताना मोकळ्या खोलीत जागा पकडा. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, रिकामी बाटली पुरते.

खोल्या, रांगा आणि 'फुल'ची पाटी

पहिल्यांदा जाणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो, म्हणून जरा सविस्तर.

खोलीच्या नावात पत्ता दडलेला असतो. पहिलं अक्षर इमारतीचं, पुढचा आकडा मजल्याचा. के.१.१०५ म्हणजे के इमारत, पहिला स्तर. यूबी५.१३२ म्हणजे यूबी इमारत, पाचवा. कॅम्पस उतारावर असल्यामुळे तुम्ही ज्या दारातून आत शिराल तो तळमजलाच असेल असं नाही, आणि लिफ्टपाशी गोंधळलेली माणसं याच कारणाने दिसतात. शुक्रवारी दुपारी मोकळे असाल तर एक चक्कर मारून जे, के, एच, एडब्ल्यू आणि यू या इमारती डोळ्यांखालून घाला. शनिवारी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला गर्दीत दहा मिनिटं धरा. दोन भाषणांमधली सुटी पाच मिनिटांची असते.

आता खुर्च्यांचा हिशेब. जान्सन सभागृहात १,४०० वर माणसं बसतात, के.१.१०५ मध्ये आठशेच्या आसपास. तिथल्या भाषणांसाठी धावायची गरज नाही. खरी मजा आणि खरी रांग असते ती 'डेव्हरूम'मध्ये. एखाद्या विषयाला, समजा पायथन, रस्ट, डेटाबेस किंवा नकाशे, दिवसभर किंवा अर्धा दिवस एक खोली दिलेली असते आणि त्या समुदायाचे लोकच ती चालवतात. यातल्या काही खोल्यांत जेमतेम सत्तर-ऐंशी खुर्च्या. अग्निसुरक्षेच्या नियमाने जिन्यांत, पायऱ्यांवर, भिंतीला टेकून उभं राहता येत नाही. खुर्च्या भरल्या की स्वयंसेवक दारावर 'फुल' पाटी लावतो, आणि मग जितके बाहेर पडतील तितकेच आत. हुज्जत घालून काही होत नाही, आणि घालूही नये, तो बिचारा फुकट काम करतोय.

गणित सोपं आहे. लोकप्रिय विषयाच्या छोट्या खोलीत भाषण बदलताना फारतर दहा-पंधरा माणसं उठतात. बाहेर चाळीस उभी असतात. म्हणजे ठरलेल्या वेळी पोहोचून तुम्हाला जागा मिळत नाही. जे भाषण खरोखर ऐकायचंय, त्याच्या एक आधीच्या भाषणाला जाऊन बसा, आणि खोली फार लहान असेल तर दोन आधीच्या. मधलं जे कानावर पडतं ते बहुधा तुम्ही कधीच निवडलं नसतं, आणि हौशी माणसाचा फायदा पुष्कळदा तिथेच होतो. शिरल्यावर ओळीच्या मध्यापर्यंत सरका. कडेला बसून वाट अडवणाऱ्यांमुळे खोल्या 'फुल' दिसतात.

म्हणून खुणा करायच्या त्या तीन ढिगांत. पहिल्या ढिगात दर दिवसाला दोनच भाषणं, ज्यांच्या शेवटी तुम्हाला प्रश्न विचारायचाय किंवा बोलणाऱ्याला गाठायचंय. यांच्याभोवती दिवस बांधा. दुसऱ्या ढिगात त्याच खोल्यांमधली आजूबाजूची. बाकी सगळी तिसऱ्या ढिगात, म्हणजे घरी जाऊन बघायची. जवळजवळ प्रत्येक भाषणाचं चित्रीकरण होतं आणि काही दिवस-आठवड्यांत ते मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुलं होतं. व्हिडिओ मिळणारच असेल तर त्यासाठी थंडीत चाळीस मिनिटं रांगेत उभं राहण्यात शहाणपण नाही. व्हिडिओत न मिळणारी गोष्ट एकच, बोलणारा माणूस.

वेळापत्रकासाठी ॲन्ड्रॉइडवर 'फॉस्डेम कंपॅनियन' ॲप आहे. ते एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या भांडारातही मिळतं आणि इंटरनेटशिवाय चालतं. शनिवारी सकाळी एकदा ताजं करून घ्या, ऐनवेळी भाषणं रद्द होतात आणि खोल्या बदलतात. जागा मिळाली नाहीच, तर त्या खोलीचं थेट प्रक्षेपण फोनवर लावून बोळात बसा. इअरफोन न्याच.

स्टॉलवर काय बोलायचं

के, एच आणि एडब्ल्यू या इमारतींच्या बोळांत प्रकल्पांचे स्टॉल असतात. स्टिकर उचलून, हसून पुढे जाणारे नव्वद टक्के. उरलेल्या दहांत यायला फक्त एक तयार वाक्य लागतं, आणि ते माफीने सुरू होता कामा नये. 'मी काय, नुसता हौशी' असं म्हटलंत की समोरचा सौजन्याने माहितीपत्रक देतो आणि संभाषण संपतं. त्याऐवजी: मी तुमचं अमुक इतकी वर्षं अमुक कामासाठी वापरतो किंवा वापरते, आणि अमुक ठिकाणी अडतं. बस्स. स्टॉलवर उभे असणारे पुष्कळदा स्वतःच मोकळ्या वेळात काम करणारे असतात. त्यांना वापरणारा माणूस भेटला की बरं वाटतं.

मराठीत लिहिणाऱ्याकडे तर असं अडणारं काही ना काही असतंच, आणि ते इतर कोणी दाखवू शकत नाही. उदाहरण म्हणून अर्धा र घ्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांत फरक फक्त रफार आणि अर्ध्या र चा, आणि अर्थ एकीकडे गुरुजी तर दुसरीकडे स्वयंपाकी. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरसारख्या प्रकल्पाच्या स्टॉलवर ही जोडी कागदावर मोठ्या अक्षरांत दाखवलीत की मराठी न येणाऱ्यालाही अर्ध्या मिनिटात मुद्दा कळतो. मग खरी अडचण सांगा: हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो. एक, ऱ (यू+०९३१) आणि पाय मोडण्याचं चिन्ह. दोन, साधा र, पाय मोडण्याचं चिन्ह आणि त्यानंतर न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, आतली अक्षरं वेगळी. म्हणून एका कीबोर्डवर लिहिलेला 'दुसऱ्या' दुसऱ्या कीबोर्डवरून शोधला तर सापडत नाही.

दुसरं उदाहरण मराठी वळणाच्या ल आणि श चं. त्यांना वेगळा क्रमांक नाही. हिंदी वळण दाखवायचं की मराठी, हे फॉन्ट मजकुराच्या भाषेवरून ठरवतो. दस्तऐवजाची भाषा हिंदी लागली असेल तर मराठी वळण येणार नाही, आणि दोष सॉफ्टवेअरचा नसून सेटिंगचा असेल. लिब्रेऑफिसमध्ये गुंतागुंतीच्या लिप्यांची सोय सुरू करून तिथे मराठी निवडलेली हवी. वेबपानावर भाषेचं चिन्ह 'एमआर' हवं.

जाण्याआधी घरी इतकं करून ठेवा. अडचण दाखवणारी तीन ओळींची फाइल, जास्त नको. तोच मजकूर दोन वेगळ्या मुक्त फॉन्टमध्ये, समजा नोटो सान्स देवनागरी आणि मुक्ता. तोच मजकूर लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स, दोन्हींत उघडून पाहा. अक्षरं जुळवण्याचं काम दोन्हींकडे 'हार्फबझ' हीच लायब्ररी करते. त्यामुळे एकाच फॉन्टमध्ये दोन्हींकडे चुकत असेल तर संशय फॉन्टवर, फॉन्ट बदलूनही एकाच प्रोग्रॅममध्ये चुकत असेल तर त्या प्रोग्रॅमवर. एक चित्र 'दिसतं कसं' याचं, एक 'दिसायला हवं कसं' याचं. सॉफ्टवेअरची पूर्ण आवृत्ती 'अबाउट' खिडकीतून तशीच उतरवून घ्या. आणि हे सगळं त्या प्रकल्पाच्या बग-यादीत आधीच नोंदवून, नोंदीचा क्रमांक सोबत न्या. नोंद आधी झालेली असेल तर स्टॉलवरचा माणूस तिथल्या तिथे ती उघडून योग्य व्यक्तीकडे वळवू शकतो. नसेल तर 'घरी गेल्यावर नोंदवा' असं सांगेल, तुम्ही नोंदवणार नाही, आणि दोघेही विसराल.

स्टॉलवरचा माणूस प्रोग्रॅमरच असेल असं नाही. 'मजकूर जुळवणीचं काम करणारं कोणी आज आलंय का' असं विचारा. बहुधा ते त्याच प्रकल्पाच्या डेव्हरूममध्ये असतात आणि तुम्हाला वेळ सांगितली जाते. अकरा ते तीन स्टॉलसमोर उभंही राहवत नाही. रविवारी सकाळी पहिल्या तासात जा, लोक शनिवार रात्रीतून सावरत असतात आणि गप्पा मारायला वेळ असतो.

वाय-फाय का चालत नाही

चालतं, पण मुख्य नेटवर्क फक्त आयपीव्ही६ वर, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर असतं. हे मुद्दाम, जगाला सवय लागावी म्हणून. संकेतस्थळं उघडतात, कारण नावाचं रूपांतर करताना आयोजकांचा डीएनएस जुन्या पत्त्यांसाठी पर्यायी पत्ता बनवून देतो. त्यामुळे दोन गोष्टी मोडतात. कुठे थेट ४ आकड्यांचा आयपी पत्ता लिहून ठेवला असेल, जसं घरच्या सर्व्हरला एसएसएच करताना, तर जोडणी होत नाही. आणि लॅपटॉपमध्ये स्वतःचा डीएनएस ठोकून बसवला असेल तर आयोजकांचं रूपांतर वापरलंच जात नाही आणि अर्धी संकेतस्थळं बंद दिसतात. काही जुने व्हीपीएनही हात टेकतात. उपाय: डीएनएस स्वयंचलित ठेवा, सर्व्हरला नावाने बोलवा. तरी अडलं तर जुन्या पद्धतीसाठी दुसरं नेटवर्क दिलेलं असतं, त्याचं नाव माहिती कक्षापाशी मिळतं.

पुढच्या वर्षी बोलायचं असेल, किंवा याच वर्षी काम करायचं असेल

डेव्हरूमची यादी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ठरते आणि बहुतेकांची प्रस्ताव घ्यायची मुदत नोव्हेंबर संपताना ते डिसेंबरच्या सुरुवातीला सरते. हौशी माणसाने मुख्य सभागृहाच्या मागे न लागता डेव्हरूमकडे जावं. तिथे निवडणारे त्याच विषयातले असतात आणि 'मी हे असं केलं, इथे अडलं, असं सुटलं' हे त्यांना मोठ्या सिद्धान्तापेक्षा जास्त हवं असतं. स्लाइड १६:९ मापाच्या, अक्षरं मोठी, शेवटच्या बाकावरून वाचता येतील अशी. एचडीएमआयचा ॲडॅप्टर स्वतःचा न्या, दुसऱ्याचा ऐनवेळी सापडत नाही. छोट्या खोल्यांत श्रोत्यांसाठी माइक नसतो, म्हणून प्रश्न आधी स्वतःच्या माइकमध्ये पुन्हा बोला आणि मग उत्तर द्या. नाहीतर चित्रीकरणात उत्तर ऐकू येतं आणि प्रश्न नाही.

बोलायचं धाडस नसेल तर स्वयंसेवक व्हा. दार सांभाळणं, माहिती कक्ष, कॅमेरा, रविवारी संध्याकाळची आवराआवर अशा दोन-तीन तासांच्या पाळ्या असतात आणि नोंदणी त्यांच्या संकेतस्थळावर आधीच सुरू होते. अनोळखी गर्दीत हाताला काम असलं की बोलायला निमित्त मिळतं, आणि दारावर उभं राहणाऱ्याला खोलीतलं भाषण रांगेशिवाय ऐकू येतं. एकट्याने जाणाऱ्याला याहून चांगला सल्ला नाही. प्रवेश फुकट असला तरी खर्च देणग्यांतून निघतो. टी-शर्ट घेताना किंवा डब्यात, जमेल तेवढं टाका.

जाता आलं नाही तर

थेट प्रक्षेपण प्रत्येक खोलीचं असतं आणि त्याला कुठलीही नोंदणी लागत नाही. हिवाळ्यात भारत ब्रुसेल्सच्या साडेचार तास पुढे. तिथले सकाळचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडचे दुपारचे दोन, तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे रात्रीचे साडेदहा. शनिवार-रविवारी जेवण उरकून बसलात तर सगळा कार्यक्रम झोपमोड न होता बघता येतो. खोलीगणिक गप्पांच्या खोल्या मॅट्रिक्स या मुक्त गप्पांच्या जाळ्यावर असतात. भाषण आवडलं तर त्याच्या पानावर अभिप्रायाचा दुवा असतो, त्यात दोन ओळी लिहा: कुठल्या मिनिटाला काय कळलं, कुठे कळलं नाही. बोलणाऱ्यांना असे अभिप्राय फार थोडे येतात, आणि नाव लक्षात राहतं.